भरल्या फुलदाणीतली तहान

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये डिसेंबर उजाडला की जुन्या बंगल्यांच्या आवाराचं रूप पालटतं. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत कुंड्यांच्या रांगा लागतात. डेलिया, शेवंती, पॅन्झी, फ्लॉक्स, कॅलेंड्युला आणि भिंतीच्या कडेने गुलाबाचे वाफे. माळीबाबा शेवंतीला गुलदाउदी म्हणतात, निशिगंधाला रजनीगंधा. उंबरा ओलांडून घरात आली की तीच फुलं पुन्हा शेवंती आणि निशिगंध होतात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आणि पुढे मध्य प्रांताच्या काळात कचेऱ्या, शाळा, रेल्वे आणि न्यायालयांच्या निमित्ताने मराठी माणसं इथे येऊन वसली. त्यांच्या घरांत हा दोन भाषांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

माझी आत्या याच भागात राहायची. एका जानेवारीत मी तिच्याकडे गेले होते. आदल्या संध्याकाळी आणलेले गुलाब दिवाणखान्यातल्या पितळी फुलदाणीत होते. सकाळी पाहिलं तर त्यातल्या एकाने मान टाकली होती. कळी अजून घट्ट, पाकळ्यांचा रंग ताजा, पण कळीखालचा देठ वाकून फूल जमिनीकडे पाहत होतं. फुलदाणीत पाणी तर काठोकाठ होतं. मी तसं म्हणाले, तेव्हा आत्या म्हणाली, "पाणी फुलदाणीत आहे गं, फुलात नाही."

तिने परातीत कोमट पाणी घेतलं. गुलाबाचा देठ पाण्याखाली धरला आणि सिकेटरने दोन बोटं तुकडा तिरका कापला. कापाच्या तोंडाशी एक बारीक बुडबुडा आला आणि वर जाऊन फुटला. मग तिने सबंध फूल देठासकट त्याच पाण्यात आडवं निजवलं, वर ओलं फडकं पसरलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. तासाभराने फडकं उचललं तेव्हा मान सरळ झाली होती. तो गुलाब पुढे चार दिवस उमलत राहिला.

फुलदाणीतली फुलं लवकर का जातात, याचं मुख्य उत्तर आत्याच्या त्या एका वाक्यात आहे. बहुतेक फुलं वयाने मरत नाहीत, तहानेने मरतात, आणि तीही पाण्यात उभी असताना. ही तहान कुठून येते ते समजलं की बाकीचे सगळे उपाय आपोआप उमजतात.

कापलं तरी जिवंत

झाडावरून उतरवलेलं फूल मेलेलं नसतं. त्याचा श्वास चालू असतो. साठवलेली साखर जाळून ते पाकळ्या उलगडतं, रंग आणि गंध तयार करतं, पानांमधून पाण्याची वाफ सोडतं. कात्री लागते तेव्हा त्याच्या तीन गोष्टी तुटतात. मुळांकडून येणारं पाणी थांबतं. झाडाच्या पानांनी तयार केलेलं अन्न थांबतं. आणि म्हातारपण लांबवणारी जी संप्रेरकं मुळांकडून वर येतात, त्यांचाही पुरवठा बंद होतो.

घरात फूल टिकवायचं म्हणजे हा तुटलेला संसार जमेल तेवढा सावरायचा. पाण्याची वाट मोकळी ठेवायची, थोडं अन्न द्यायचं आणि गारवा ठेवून त्याचा खर्च कमी करायचा. या तिन्हींत पहिला मान पाण्याच्या वाटेचा.

देठातली वाट

देठाच्या आत केसाच्या जाडीच्या आसपासच्या किंवा त्याहूनही बारीक नळ्यांचा जुडगा असतो. मुळांनी घेतलेलं पाणी याच नळ्यांतून पानाफुलांपर्यंत जातं. झाडाला हृदय नाही, पंप नाही, मग पाणी उंच चढतं कसं, या प्रश्नाने वनस्पतिशास्त्रज्ञांना फार काळ कोड्यात टाकलं होतं. 1894 मध्ये डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी उत्तर मांडलं. पानांतून वाफ उडते तेव्हा नळीतल्या पाण्याला वरून ओढ बसते. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे वरचा कण सरकला की खालचा त्याच्यामागे येतो. विहिरीतून दोर ओढावा तसा सबंध पाण्याचा धागा वर ओढला जातो.

आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. देठातल्या जिवंत पेशी आकुंचन-प्रसरण पावून पाणी वर ढकलतात, असं त्यांचं मत होतं आणि 1923 मध्ये त्यांनी या विषयावर सबंध ग्रंथ लिहिला. पाणी मुख्यतः ओढीने चढतं, हेच पुढच्या प्रयोगांनी दाखवलं आणि आज पाठ्यपुस्तकांत डिक्सन-जोली यांचंच स्पष्टीकरण शिकवतात.

आता हा ताणलेला धागा मधेच कापला तर काय होईल? ताण सुटतो, पाणी सर्रकन वर सरकतं आणि कापलेल्या तोंडातून हवा आत ओढली जाते. नंतर देठ पाण्यात ठेवला तरी मध्ये हवेची गुठळी असते आणि तिच्या खालचं पाणी वर जाऊ शकत नाही. इकडे पानांतून वाफ उडतच असते. जमा बंद आणि खर्च चालू. गुलाबात याचा पहिला घाव कळीखालच्या कोवळ्या भागावर बसतो. तो अजून टणक झालेला नसतो, केवळ पाण्याच्या दाबावर ताठ उभा असतो. पाणी तुटलं की तो वाकतो. मराठीत मान टाकणे म्हणतात ते हेच.

यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की हवा सबंध देठभर पसरत नाही. प्रत्येक नळी काही सेंटिमीटरांवर संपते आणि पुढच्या नळीशी अत्यंत बारीक छिद्रांच्या पडद्याने जोडलेली असते. पाणी त्या पडद्यातून जातं, हवेचा बुडबुडा अडतो. म्हणून खालचा दोन-तीन सेंटिमीटर तुकडा कापून टाकला की हवेने अडलेल्या नळ्या बऱ्याच अंशी निघून जातात. हा काप पाण्याखाली घेतला तर नव्याने हवा शिरायला जागाच उरत नाही.

ही वाट डोळ्यांनी पाहायची असेल तर एक सोपा प्रयोग करा. पांढऱ्या शेवंतीच्या दोन दांड्या घ्या. एकीचा देठ पाण्याखाली ताजा कापा. दुसरी दोन-तीन तास टेबलावर तशीच कोरडी पडू द्या आणि न कापता ठेवा. दोन्ही दांड्या निळा खाण्याचा रंग घातलेल्या पाण्यात उभ्या करा. पहिलीच्या पाकळ्यांच्या टोकांवर काही तासांतच निळ्या रेघा उमटू लागतील. दुसरी मागे पडेल. लहान मुलांना सोबत घेऊन हा प्रयोग केला तर देठ म्हणजे काय, ते त्यांना जन्मभर विसरायला होणार नाही.

काप कसा घ्यावा

हत्यार धारदार हवं. बोथट कात्रीने देठ चिरडतो, नळ्या दबतात आणि चिरडलेल्या पेशींतून पाझरणाऱ्या रसावर जंतू पोसले जातात. सिकेटर असेल तर उत्तम, नसेल तर धारदार सुरी किंवा घरातली विळीही चालते. देठ ठेचल्याने तो जास्त पाणी पितो, अशी एक समजूत आहे. कठीण लाकडी देठांसाठी ती विशेष ऐकू येते. ठेचलेल्या देठात जंतूंना आयतं अन्न मिळतं, म्हणून ठेचू नका. काप तिरका घ्यायचा, म्हणजे देठ फुलदाणीच्या तळाला सपाट टेकून तोंड बंद होत नाही.

बागेतली फुलं पहाटे किंवा सकाळी ऊन चढायच्या आत कापावीत. रात्रभरात झाड पाण्याने भरून निघालेलं असतं, पेशी ताठ असतात. दुपारी कापलेलं फूल तहानलेलंच घरात येतं. बागेत जाताना हातात पाण्याची बादली असावी आणि कापलेली दांडी लगेच तिच्यात जावी. परडीत रचून घरभर मिरवून मग फुलदाणीत ठेवलं तर तेवढ्या वेळात हवा आपलं काम करून गेलेली असते.

बाजारातून आणलेल्या फुलांचा देठ तर हमखास पुन्हा कापायला हवा. पॉलिहाऊसचे गुलाब वीस-वीस दांड्यांच्या बंचमध्ये कागदात बांधून येतात, जरबेरा दहा-दहाच्या जुड्यांत. वाटेत आणि दुकानात ते किती वेळ कोरडे होते, ते आपल्याला ठाऊक नसतं. गुलाब घेताना कळीचा खालचा फुगीर भाग दोन बोटांत हळूच दाबून पाहा. तो टणक लागला तर फूल ताजं. मऊ, पोकळ लागला तर वरचा रंग कितीही झळझळीत असला तरी ते उतरणीला लागलं आहे.

फुलदाणीत ठेवण्याआधी पाण्याखाली बुडणारं प्रत्येक पान काढून टाका. बुडालेलं पान एका दिवसात कुजू लागतं. पाण्यावरचीही थोडी पानं कमी केली तर खर्च आटोक्यात राहतो, कारण दांडीतलं बहुतेक पाणी पानांतूनच उडतं.

पाण्यातले पाहुणे

हवेनंतरचा दुसरा शत्रू म्हणजे जंतू. फुलदाणीतलं पाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गढूळ होतं, त्याला वास येतो, देठाला बुळबुळीत थर चढतो. हे जंतू आणि त्यांचा चिकट स्राव नळ्यांच्या तोंडाशी आणि आतल्या पडद्यांवर साचतात आणि वाट बुजते. फुलाच्या दृष्टीने हवेची गुठळी काय आणि जंतूंचं बूच काय, परिणाम एकच, तहान.

म्हणून फुलदाणी ताटवाटीसारखीच घासायला हवी. ज्या भांड्यातून आपण पाणी पिणार नाही, त्यातून फुलालाही देऊ नये. आत्या पितळी फुलदाणी चिंचेने लखलखीत घासायची आणि तिच्या आत फुलांसाठी वेगळा काचेचा पेला ठेवायची. तिच्या पाण्यात लिंबू असायचं आणि आंबट पाणी पितळेला लागलं की त्यातलं तांबं-जस्त पाण्यात उतरतं. बाहेरून पितळेचा थाट आणि आत स्वच्छ काच, अशी ती सोय होती.

पाण्यात साखर घालावी, असं अनेक जण सांगतात. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. साखर फुलाचं अन्न आहे, तसंच जंतूंचंही. नुसती साखर घातली तर जंतूच आधी जेवतात आणि फूल उपाशी राहतं. साखरेच्या जोडीला जंतूंना आवरणारं काहीतरी आणि पाणी किंचित आंबट करणारं काहीतरी लागतं. आंबट पाण्यात जंतू हळू वाढतात आणि असं पाणी देठातून सहज चढतं. फुलवाल्याकडे मिळणाऱ्या लहान पुडीत साधारण हेच तीन घटक असतात.

घरी करायचं तर प्रमाण असं ठेवा. एक लिटर पाण्यात दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम साखर विरघळवा. त्यात लहान दोन चमचे लिंबाचा गाळलेला रस घाला. शेवटी कपड्यांना वापरायच्या साध्या, बिनवासाच्या ब्लीचचे वीस थेंब, म्हणजे सुमारे एक मिलिलीटर. ब्लीच आणि लिंबाचा रस पाण्याशिवाय एकमेकांत कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. दोन्ही गोष्टी भरपूर पाण्यातच जायला हव्यात, आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. ब्लीच वापरायचं नसेल तर साखरही घालू नका. तेव्हा नुसतं स्वच्छ पाणी रोज बदलणं हाच उत्तम उपाय. मिश्रण असलं तरी दर दोन दिवसांनी ते टाकून नवं करा आणि देठाचा एक सेंटिमीटर तुकडा पुन्हा कापा.

पाण्यात तांब्याचं नाणं टाकण्याचा सल्लाही जुना आहे. तांबं जंतूंना मारक खरं, पण आपली आजची नाणी शुद्ध तांब्याची नाहीत, त्यांचा फारसा उपयोग नाही. अ‍ॅस्पिरिनच्या गोळीने पाणी थोडं आंबट होतं, पण लिंबू त्याहून सोपं आणि घरात असतंच.

पाणी कुठलं, यालाही महत्त्व आहे. क्षार कमी असलेलं पाणी फुलांना मानवतं. पिण्याच्या पाण्यासाठी घरात आरओ असेल तर तेच पाणी फुलदाणीला द्यावं. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असेल तर ग्लॅडिओलस आणि जरबेरा यांना ते फार लवकर बाधतं, पाकळ्यांच्या आणि पानांच्या कडा करपतात. जबलपूरच्या शेजारच्या मंडला आणि सिवनी जिल्ह्यांत भूजलातलं फ्लोराइड हा माणसांच्याही आरोग्याचा जुना प्रश्न आहे. त्या भागातून आलेल्या किंवा तिथे राहणाऱ्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावं.

न दिसणारा वायू

पाणी, देठ, फुलदाणी सगळं नीट असूनही कधीकधी फुलं रातोरात झडतात. तेव्हा आजूबाजूला फळांची टोपली आहे का, ते पाहा.

या झडण्यामागे एक वायू असतो, आणि त्याची गोष्ट सुरू होते मटारापासून. जबलपूरचा मटार सगळ्या मध्य प्रदेशात प्रसिद्ध आहे, म्हणून इथल्या वाचकांना ती विशेष जवळची वाटेल. सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्यूबॉव नावाचा तरुण विद्यार्थी मटाराची रोपं प्रयोगशाळेत वाढवत होता. बाहेर वाढणारी रोपं सरळ, प्रयोगशाळेतली मात्र खुजी, जाड आणि आडवी व्हायची. प्रयोगशाळेत दिव्यांसाठी कोळशाचा वायू जळत असे. त्यातला इथिलीन नावाचा वायू हे करतो, असं त्याने 1901 मध्ये दाखवलं. पुढे 1908 मध्ये शिकागोच्या विल्यम क्रॉकर आणि ली नाइट यांनी हाच वायू कार्नेशनच्या फुलांना अवेळी मिटवतो, हे प्रयोगांनी सिद्ध केलं. तिथल्या फुलं पिकवणाऱ्यांचं दिव्याच्या वायूमुळे नुकसान होत होतं, त्याचं कारण असं सापडलं.

नंतर कळलं की हा वायू वनस्पती स्वतःही तयार करतात. फळं पिकताना तो भरपूर निघतो. आपल्याकडे आंब्याची अढी घालतात, तेव्हा गवतात कोंडलेला हाच वायू एका आंब्यावरून दुसऱ्या आंब्याला पिकवत जातो. केळ्यांना धुरी देतात, त्या धुरातही तो असतो. जो वायू आंब्याला पिकवतो, तोच कार्नेशन, डॉग फ्लॉवर, लार्कस्पर आणि ऑर्किडच्या फुलांना म्हातारं करतो. फूलही कोमेजताना तो सोडतं, म्हणून एक कोमेजलेलं फूल शेजारच्या फुलांना सोबत नेतं.

यावरून घरचे नियम सोपे आहेत. फळांची परडी आणि फुलदाणी एका टेबलावर नकोत. मे महिन्यात ज्या खोलीत अढी घातली आहे, तिथे फुलं नकोत. कोमेजलेलं फूल दिसलं की त्याच क्षणी काढून टाका. देवघरात उदबत्ती आणि धूप यांचा धूर सतत असतो, तिथे बुके ठेवायचा तर थोडा दूर ठेवा. शेवंती, जरबेरा आणि ग्लॅडिओलस यांना या वायूचा फारसा त्रास नाही, त्यामुळे देवघराजवळ ठेवायला ती अधिक बरी.

फुलांच्या व्यापारात या वायूवर दोन उपाय आहेत. कार्नेशनच्या दांड्या चांदीच्या क्षाराच्या द्रावणात काही तास ठेवतात, मग इथिलीनचा परिणाम फुलावर होत नाही. दुसरा उपाय नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात एडवर्ड सिस्लर आणि सिल्व्हिया ब्लॅंकेनशिप यांनी 1990 च्या दशकात शोधला. एक-एमसीपी नावाचा हा वायू फुलाच्या पेशींत इथिलीनच्या जागी जाऊन बसतो आणि त्याला वावच देत नाही. आज फळांसाठीही तो जगभर वापरतात.

ऊन, कूलर आणि फ्रिज

तापमान दहा अंशांनी वाढलं की फुलाच्या श्वासाचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. तेवढ्या वेगाने त्याची शिदोरी संपते. जबलपूरच्या जानेवारीत आठवडाभर राहणारा गुलाब मे महिन्यात 42-43 अंशांच्या दुपारी दोन दिवसांत का जातो, त्याचं कारण हे. फुलांचा व्यापार सगळा या एका नियमावर उभा आहे. पुणे जिल्ह्यातल्या मावळात, तळेगावच्या पुष्पोद्यानात, परदेशी जाणारे गुलाब पिकतात. दांडी कापली की ती पॉलिहाऊसमध्येच पाण्याच्या बादलीत जाते, तिथून थेट शीतगृहात, आणि त्यानंतरचा सगळा प्रवास गारव्यात होतो. व्हॅलेंटाइन दिनासाठी दूरच्या देशांत पोचणारा गुलाब असा निजलेल्या अवस्थेत जातो.

आपल्या घरात शीतगृह नाही, पण थोडं जमतं. जुन्या बंगल्यांच्या उंच छताच्या, जाड भिंतींच्या खोल्या आजही दुपारी गार राहतात. फुलदाणी अशा खोलीत, खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवा. कूलर चालू असेल तर त्याची दमट हवा फुलांना चांगली, पण झोत थेट अंगावर नको. पंख्याखाली तर ठेवूच नका. वारा पाकळ्यांतलं पाणी उडवतो आणि देठ त्या वेगाने ते भरून काढू शकत नाही. टीव्ही आणि फ्रिजच्या माथ्यावरही उष्णता असते, तिथे फुलं टिकत नाहीत.

रात्री फुलं फ्रिजमध्ये ठेवली तर त्यांचे दोन-तीन दिवस सहज वाढतात. फक्त फ्रिजमध्ये फळं नसावीत, नाही तर गारव्याने जे मिळालं ते इथिलीन घेऊन जातं. ऑर्किड आणि अँथुरियम ही उष्ण प्रदेशातली फुलं, त्यांना फ्रिजची थंडी सोसत नाही, पाकळ्यांवर डाग पडतात.

प्रत्येकाचा स्वभाव वेगळा

सगळ्या फुलांना एकाच पद्धतीने वागवता येत नाही.

जरबेऱ्याचा देठ पोकळ आणि लवदार असतो. खोल पाण्यात तो कुजतो, म्हणून फुलदाणीत तीन-चार इंचच पाणी ठेवा आणि ते वारंवार बदला.

निशिगंधाची दांडी, म्हणजे बाजारातली गुलछडी, खालून वर उमलत जाते. खालची फुलं कोमेजली की काढत जा, म्हणजे वरच्या कळ्यांना बळ मिळतं. या कळ्या उमलायला साखर लागते, त्यामुळे वरचं मिश्रण निशिगंधाला विशेष मानवतं.

ग्लॅडिओलस नेहमी उभा ठेवा. गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वळण्याची ओढ त्याच्या शेंड्यात इतकी असते की आडवा ठेवला तर काही तासांत शेंडा वर वळतो आणि मग सरळ होत नाही.

शेवंतीचं फूल दोन आठवडेही तग धरतं, पण पानं आधी सुकतात. ती सुकू लागली की काढून टाका, फूल एकटंही छान दिसतं.

डेलियाची कळी कापल्यावर उमलत नाही. ती पूर्ण उमलल्यावरच सकाळी कापा आणि थोडे दिवस राहिली तरी समाधान माना, तिचं आयुष्यच तेवढं आहे.

चाफा आणि कण्हेर यांच्या देठातून चीक येतो आणि वाळून तोंड बंद करतो. त्यांच्या देठाचं टोक काही सेकंद गरम पाण्यात बुडवून मग फुलदाणीत ठेवा. चाफ्याची सुटी फुलं पसरट भांड्यात तरंगत ठेवली तर देठाचा प्रश्नच उरत नाही. अनंताच्या पाकळीला बोट लागलं तरी तपकिरी डाग पडतो, म्हणून त्याला देठानेच धरावं.

देठ नसलेली फुलं

मराठी घरातली निम्मी फुलं देठाशिवाय येतात. गजरा, हार, वेणी, देवाची फुलं. यांना पाणी पिण्याची वाट नाही, म्हणून आहे ते पाणी उडू न देणं एवढाच उपाय.

मोगऱ्याचा गजरा संध्याकाळी उमलतो. दुपारी आणलेल्या कळ्या घट्ट असतील तर पिळलेल्या ओल्या मलमलीत किंवा केळीच्या पानात गुंडाळून डब्यात ठेवा आणि डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. वर पाणी शिंपडून भिजवू नका. पाकळीवर पाणी साचलं की मोगरा तपकिरी पडतो. घालायच्या अर्धा तास आधी बाहेर काढला की गंध पुन्हा येतो.

दसऱ्याच्या आणि दिवाळीच्या तोरणातला झेंडू देठाविना असूनही चांगला टिकतो. दुपारचं ऊन थेट येत नसलेल्या दारावर तोरण बांधलं आणि सकाळ-संध्याकाळ हलका शिडकावा केला तर ते आणखी टिकतं. आणि शेवटी कोमेजलेली फुलं घरच्या कुंडीत खत म्हणून घालावीत. नर्मदा आपल्या सगळ्यांची आई आहे, तिच्या पाण्यात निर्माल्याचे ढीग सोडण्यापेक्षा पुढच्या हंगामाच्या शेवंतीला ते द्यावेत.

सकाळचं एक मिनिट

आत्याची पितळी फुलदाणी आज माझ्या घरी आहे, आतल्या काचेच्या पेल्यासकट. रोज सकाळी चहा ठेवण्याआधी मी एक दांडी पाण्यातून वर उचलते आणि कापाचं तोंड पाहते. ते फिकट, स्वच्छ दिसलं तर फूल पाणी पितं आहे. तपकिरी, बुळबुळीत दिसलं तर मी परातीत कोमट पाणी घेते आणि सिकेटर शोधते. कापाच्या तोंडाशी बुडबुडा आला की फुलाला पाणी पुन्हा मिळू लागलं, एवढं मला कळतं.